बायकोचं नाव दुरुस्त करायला अकरा महिने लागले, माझा अनुभव

मागच्या आठवड्यात गावातला एक पोरगा सुट्टीवर आला, फौजेत आहे, लग्न ठरलंय त्याचं, पत्रिका द्यायला घरी आला होता. मी पत्रिका बघायच्या आधी त्याला विचारलं, बाबा बायकोचं नाव बदलणार का? पोरगं हसायला लागलं, म्हणलं काका असं काय विचारताय. म्हणलं बस, चहा घे, सांगतो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, थोडं लांबणार आहे.

मी फौजेत तोफखान्याचा. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला मी चौदा वर्षांचा होतो, रात्री गणपती बुडवून झोपलो आणि पहाटे चारच्या आत सगळं हललं. आमच्या गावात भिंतींना भेगा पडल्या, दोनचार घरं पडली, पण किल्लारी, सास्तूर तिकडं जे झालं ते तुम्हाला माहितीच आहे. वडलांबरोबर भाकरी घेऊन ट्रॅक्टरमधून तिकडं गेलो होतो, वरून पाऊस, आणि फौजेची माणसं नाकाला रुमाल बांधून दगडमाती उपसत होती. एकजण मला म्हणला, बेटा पीछे हटो. एवढंच. पण डोक्यात तेव्हाच बसलं की आपण हेच व्हायचं. १९९८ ला भरती झालो, नाशिक रोडला ट्रेनिंग. १९९९ ला कारगिल सुरू झालं तेव्हा आम्ही रंगरूट, तिकडं बोफोर्स चालत होत्या आणि आम्ही इकडं ग्राउंडवर गोल गोल पळत होतो, काय चिडचिड व्हायची. पुढं २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रममध्ये आम्हाला राजस्थानच्या वाळूत नेऊन ठेवलं, महिनोन् महिने गन लावून बसलो पण लढाई काही झाली नाही. डावा कान मात्र रेंजवरच गेला, फायरिंगला कापूस घालायचा कंटाळा, आता त्या बाजूनं कुणी बोललं की मी नुसती मान हलवतो. २०१५ ला लान्स नायक म्हणून पेन्शन आलो.

पेन्शन आलो तर इकडं दुष्काळ. चार एकर रान, सोयाबीन वाळून गेलं, २०१६ च्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सतरा वर्ष देशभर फिरून आलो आणि घरी घागरीच्या लायनीत नंबर लावून उभा. मग बँकेत गार्डची नोकरी धरली, अजून तीच चालू आहे. आमच्या तालुक्यातले चारपाच माजी सैनिक आम्ही रविवारी एका हॉटेलात चहाला बसतो, तिथं एकच विषय असायचा, ओआरओपी, म्हणजे वन रँक वन पेन्शन. ७ नोव्हेंबर २०१५ ला ऑर्डर निघाली, १ जुलै २०१४ पासून लागू, मग कुणाचा एरियर किती, कुणाचा कमी का आला, याचे हिशोब कागदाच्या पाकिटावर पेनानं. पण पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरीवर, बायकोचं नाव काय लिहिलंय हे आमच्यापैकी एकानं कधी बघितलं नव्हतं.

त्यातलाच एकजण २०२२ च्या दिवाळीनंतर गेला. हार्ट अटॅक, रानातच. तेरावा झाल्यावर त्याची बायको मोठ्या पोराला घेऊन माझ्याकडं आली, हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद. त्याची पेन्शन बंद झाली आणि हिची काही चालू होईना, कारण रेकॉर्डला बायकोचं नाव वेगळं आणि हिच्या आधारला वेगळं. म्हणजे कागदावर त्याची बायको दुसरीच कुणीतरी, जी जगात कुठंच नाही, आणि ही समोर बसलेली कुणीच नाही. फॅमिली पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, सुरुवातीची काही वर्ष त्याहून जास्त, त्यावर घर चालतंय हो. तिचं काम पुढं झालं, एरियरसकट झालं, पण मधल्या काळात तिनं दोन म्हशी विकल्या.

ती तिच्या घरी गेल्यावर मी आमची ट्रंक काढली. काळी ट्रंक, वरती पांढऱ्या पेंटनं माझा आर्मी नंबर आणि नाव, माझ्याच हातचं. त्यातून डिस्चार्ज बुक काढलं, फॅमिलीचं पान उघडलं आणि तिथंच खाली बसलो.

आता नावाची भानगड सांगतो. (खरी नावं इथं लिहीत नाही, बायकोला विचारलं तर म्हणली एवढा तमाशा झालाय नावाचा, आता बास करा.) आमचं लग्न मे २००३ चं, वीस दिवसांच्या सुट्टीत उरकलेलं. हिचं माहेरचं नाव आणि माझ्या धाकट्या बहिणीचं नाव एकच निघालं. माय म्हणली एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, हाक मारली की दोघी येतील, नाहीतर एकपण येणार नाही. मग ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. त्या दिवसापासून घरात, गावात, भावकीत तेच नाव. तिचं शाळेचं नाव काय होतं हे मी चार वर्षात विसरून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

सुट्टी संपवून युनिटला गेलो, क्लार्क बाबू म्हणला शादी हो गई? पार्ट टू करवा लो. म्हणजे लग्नाची रेकॉर्डला नोंद. वाइफ का नाम? मी तांदळातलं नाव सांगितलं. त्यानं टाइप करताना पुढं देवी लावलं. त्याच्याकडं सगळ्यांच्या बायका देवीच असायच्या, मराठ्याची असो की कुमाऊंची. डेट ऑफ बर्थ विचारली, मला कुठं माहिती, म्हणलं साहब इक्कीस बाईस की होगी. त्यानं १ जानेवारी १९८२ ठोकून दिलं आणि मी सही केली. हिचं माहेर सास्तूरच्या बाजूचं, भूकंपात घर बसलं, आजी गेली, घरातले कागद ढिगाऱ्यात गेले. पुढं दुसऱ्या शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी १ जून १९८३ टाकलं, आमच्या पिढीतले निम्मे लोक एक जूनलाच जन्मलेत तसं. आधार, पॅन, बँक, सगळं त्या दाखल्यावरून, माहेरच्या नावानं आणि पुढं माझं नाव आडनाव. थोडक्यात, नाव चूक, जन्मतारीख चूक, आणि देवी फुकटची.

आधी पेन्शन बँकेतून यायची तोवर कुणी विचारलं नाही. मग आमची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेली, डेटा व्हेरिफिकेशन करायला मी सेंटरवर गेलो होतो, तिथला पोरगा म्हणला काका सगळं बरोबर आहे ना, मी चष्मा न घालता हो म्हणलं आणि त्यानं ओके दाबलं. त्या ओकेचे त्यानं दोनशे रुपये घेतले.

जानेवारी २०२३ ला जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसला गेलो. तिथं एक रिटायर्ड सुभेदार साहेब बसायचे, त्यांनी एका मिनिटात विषय ओळखला, म्हणले तुझ्यासारखे आठवड्याला दोन येतात. स्पर्शमध्ये आपण मोबाईल नंबर, पत्ता असलं बदलू शकतो, पण बायकोचं नाव आणि जन्मतारीख फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच दुरुस्त होऊन पुढं जाते, मग प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून नवीन पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम पीपीओ म्हणतात. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली, ती अजून माझ्याकडं आहे. दोन्ही नावं एकाच बाईची असं अ‍ॅफिडेव्हिट, मराठी आणि इंग्रजी पेपरात जाहिरात, दोघांचा एकत्र फोटो, आधार, पॅन, शाळेचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि जुन्या पीपीओची झेरॉक्स, लग्नाचं सर्टिफिकेट, सैनिक ऑफिसची शिफारस. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसची यादी थोडी वेगळी असेल, आधी विचारून घ्या, मी म्हणतोय म्हणून जाऊ नका.

लग्नाचं सर्टिफिकेट कुठून आणायचं, वीस वर्ष झालेली. ग्रामपंचायतीत विचारलं तर ग्रामसेवक म्हणले होतंय की, विवाह नोंदणी उशिरा पण होते, लेट फी भरा, तीन साक्षीदार आणा, लग्नाचा फोटो आणि पत्रिका आणा. फोटो होता. पत्रिका काही सापडेना. माळ्यावर बघितलं, मायच्या पेटीत बघितलं, शेवटी त्याच काळ्या ट्रंकेत तळाला, ट्रंकेचा पत्रा गंजू नये म्हणून घातलेल्या वर्तमानपत्राच्या खाली सापडली. गुलाबी कागद, कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण मधे स्वच्छ छापलेलं, चि. सौ. कां. आणि पुढं तिचं माहेरचं नाव. आणि माझ्या नावापुढं कंसात भारतीय सेना. बायको ती पत्रिका हातात धरून बराच वेळ बघत बसली. मी म्हणलं काय झालं, तर म्हणली काही नाही, हे नाव छापलेलं लई दिवसांनी बघितलं.

अ‍ॅफिडेव्हिटला मी गाढवपणा केला. शंभराचा बॉण्ड घेतला, कोर्टाच्या बाहेरच्या नोटरीकडून शिक्का मारून घेतला आणि फाईल पाठवून दिली. दोन महिन्यानं परत आली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं पाहिजे म्हणून. सुभेदार साहेबांच्या यादीत हेच लिहिलेलं होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. मग औशाच्या कोर्टात गेलो दोघं. ही इस्त्रीची साडी नेसून, सकाळपासून पाणी पण प्यायली नाही, म्हणती कोर्टात कधी कुणी आमच्यातलं गेलं नाही. नंबर आला, मॅडम होत्या, त्यांनी कागदावरून मान वर करून हिला विचारलं, बाई तुमचं नाव काय? ही एकदम गप्प. माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, आणि म्हणली, मॅडम कोणतं सांगू? अख्खं कोर्ट हसलं, मॅडम पण हसल्या, म्हणल्या आधारवर आहे ते सांगा. हिनं सांगितलं, सही केली. बाहेर आल्यावर रसवंतीवर दोन ग्लास ऊसाचा रस प्यायली आणि माझ्याशी तासभर बोलली नाही. बरोबरच होतं तिचं, देवी मी आणली होती घरात.

जाहिरातीचं पण तेच. इंग्रजी पेपरात माझ्या आर्मी नंबरातला एक आकडा चुकला, मी बघितलं नाही, जाहिरात परत द्यावी लागली, परत पैसे. या सगळ्यात माझे सातआठ हजार गेले असतील, त्यात सुट्ट्या वेगळ्या. दुसऱ्यांदा फाईल स्पीड पोस्टानं पाठवली तेव्हा मात्र प्रत्येक पानावर नंबर टाकला, सगळ्याची झेरॉक्स ठेवली, पोस्टाची पावती मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली. फोन करायचं काम पोरीकडं दिलं, बारावीला आहे, मला फोनवर अर्ध ऐकू येत नाही आणि समोरचा हिंदीत भराभर बोलायला लागला की मी नुसतं जी साहब जी साहब करतो, सतरा वर्षाची सवय. पोरगी तसं करत नाही. ती विचारती, साहेब फाईल कुणाच्या टेबलवर आहे, डायरी नंबर द्या, परत कधी फोन करू. मधे एकदा स्पर्शवर ग्रीव्हन्स पण तिनंच टाकली. ओटीपी यायचा असला की मला रानातून पळत यावं लागायचं कारण आमच्याकडं रेंज बोअरच्या तिकडं मिळत नाही, हा पण एक व्यायाम झाला.

जाता जाता एक, एजंटच्या नादी लागू नका. मला एकानं पाच हजारात महिन्याभरात करून देतो म्हणून सांगितलं होतं, आणि स्पर्शचा पासवर्ड मागत होता. पासवर्ड द्यायचा नसतो हे सेन्ट्री ड्यूटी केलेल्या माणसाला कुणी सांगायला पाहिजे का, पण दिलेत लोकांनी, आमच्याच चहाच्या टेबलवरच्या एकानं दिलाय.

डिसेंबरात, मी ड्यूटीवर होतो, पोरीचा फोन आला, पप्पा आलं. मला वाटलं पोस्टमन आला. ती म्हणली नाही, स्पर्शवर आलं, कॉरिजेंडम. घरी जाताना औशात थांबून प्रिंट मारली, दहा रुपये. घरी बायकोनं हात पुसले, कागद घेतला, इंग्रजी तिला अडखळत येतं, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. तिचं शाळेतलं नाव, मग माझं, मग आडनाव. खाली तारीख, १ जून १९८३. मग म्हणली, देवी गेली का? म्हणलं गेली. म्हणली बरं झालं, आता ईसीएचएसच्या, दवाखान्याच्या कार्डावरची पण घालवा.

ते काम अजून चालू आहे, तिथं परत तीच फाईल, पण आता नवीन पीपीओ जोडता येतो म्हणून जड जात नाही. घरात सगळे तिला तांदळातल्या नावानंच हाक मारतात, माय पण, मी पण, बहीण माहेरी आली की ती पण. फाईल मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवत होतो तर तिनं हातातून काढून घेतली, पोरीकडून मार्कर मागितला आणि वरती मोठ्या अक्षरात आपलं माहेरचं नाव लिहिलं, मग स्वतःच ठेवली, माझ्या मेडलच्या डब्याच्या वर. ट्रंकेची किल्ली आता तिच्याकडं असते.