रानमोडीवरचा पांढरा पेला: कडं अखेर रंगलं

रविवारी अॅस्कसच्या (बुरशीचे बीजाणू धरणाऱ्या सूक्ष्म पिशवीच्या) टोकाचं कडं आयोडीनने लाल झालं! नमुना ३७, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या, रानमोडीच्या झुडपाच्या कुजक्या काडीवरचा तोच बुरशीचा पेला, मिलिमीटरभर, आखूड देठाचा, केस नसलेला. दोन पावसाळे मी त्याला कीमधल्या (ओळख पटवायच्या प्रश्नसाखळीमधल्या) 'आयोडीनला रंग नाही' या फाट्यावरून हाकत होतो. नाव काही निघायचं नाही.

घोळ मेल्झरचा, म्हणजे क्लोरल हायड्रेट घातलेल्या आयोडीनच्या द्रावणाचा. ती बाटली मोठ्या कौतुकाने मागवली, महागही पडली, वर झाकणातून गळकी आली. संपली म्हणून नाइलाजाने लुगोल (साधं आयोडीनचं द्रावण) घेतलं. औषधाच्या दुकानातलं फार कडक, म्हणून साधारण १ टक्का आयोडीन राहील इतकं पातळ केलं. पाण्यातल्या जिवंत कापावर थेंब सोडला, आणि लाल! मेल्झरमधलं क्लोरल हायड्रेट ही लाल छटा दाबून टाकतं, हे बुरशीतज्ज्ञ बाराल यांनी १९८७मध्येच लिहून ठेवलंय. वाचलंही होतं मी. वाचून विसरलो.

मग खात्रीसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड (अल्कली), नंतर पुन्हा लुगोल. रंगच नाही! हात-पाय गळाले. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला: मधे पाण्याने धुतलंच नव्हतं, अल्कलीने आयोडीनच विरंजित केलं. दुसरा काप, दोनदा धुवून: सुरेख निळं कडं. म्हणजे हेमिअॅमिलॉइड (नुसत्या लुगोलने लाल, अल्कलीनंतर निळं), शंकाच नको. मी एकटाच टेबलावर हात आपटला, तर शेजारच्या काकींनी खिडकीतून विचारलं, "अळमीं मेळ्ळीं रे?" (कोकणीत, अळंबी मिळाली का रे?) आता त्यांना काय सांगायचं! त्यांच्या लेखी खाण्यासारखं काही असलं तरच अळमी.

बीजाणू १२–१५ × ३–४ मायक्रॉन, जिवंतपणी दोन्ही टोकांना तेलाचे थेंब. हे मात्र ओल्या टिश्यूत गुंडाळून, डब्यात घालून आणलं तरच दिसतं. आधी पाणी, रसायनं शेवटी. काप थेट लॅक्टोफेनॉलमध्ये (पेशी मारणाऱ्या द्रवात) ठेवायची सवय सोडाच.

आता चतुर्थीपर्यंत बोंडल्याच्या अभयारण्यात जाऊन नवे पेले गोळा करायचे ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, मेल्झरला 'नाही' म्हणालेली जुनी चौदा पाकिटं कपाटात पडली आहेत. कड्याचा रंग सुक्या नमुन्यातही तपासता येतो, तेव्हा बोंडला नंतर. आणि हो, अॅस्कसच्या बुडाशी आकडा (हुकासारखा बाक) आहे का, ते ३७मध्ये मी पाहिलंच नाही! काप अजून ओला आहे. उठतो.