मंडपातल्या स्टेजवर बास गिटार : सॉकेटपासून डीआय बॉक्सपर्यंत माझा अनुभव

गणपती, नवरात्र, जत्रा आणि लग्नातल्या संगीत संध्या. ऑर्केस्ट्राच्या या हंगामात बासचा आवाज बिघडला की सगळे आधी अँपकडे बघतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा दुसरीकडे निघतो. कधी सॉकेटमध्ये, कधी लीडच्या (वाद्य अँपला जोडणाऱ्या वायरीच्या) जॅकमध्ये, कधी डीआय बॉक्सच्या, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरकडे नेण्याजोगा करणाऱ्या छोट्या डब्याच्या, एका बटणात. म्हणून कार्यक्रमाची सुपारी ठरल्यापासून सामान गाडीत चढेपर्यंत मी काय तपासतो आणि का, ते लिहितो आहे. नवीन अँपसाठी पैसे साठवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, आधी मल्टिमीटर आणि स्वतःचा डीआय बॉक्स घ्या.

सुपारी घेताना फोनवरच विचारतो : स्टेजवर बास अँप आहे का, असला तर कुठला, आणि सबवूफर (फक्त खालचे सूर काढणारे मोठे स्पीकर) लावणार आहेत का. ‘सगळं आहे, तुम्ही फक्त या’ एवढ्यावर थांबू नये, मॉडेलचं नाव मागून घ्यावं. सबवूफर नसतील तर वाजवण्याची पद्धतच बदलते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. बयाणा आणि गाडीभाडंही त्याच फोनवर ठरवावं. कार्यक्रम संपल्यावर आयोजक शोधत फिरावं लागलं की रात्रीची गाडी चुकते.

वाद्याची तयारी पावसाळ्यापासून सुरू होते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मानेचं लाकूड हलतं. ते कुठल्या बाजूला वाकेल हे त्या लाकडावर अवलंबून असतं, त्यामुळे अंदाज न करता मोजावं. तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) कॅपोने, म्हणजे मानेला लावायच्या चिमट्याने, दाबायची, दुसऱ्या हाताने मान आणि बॉडी जिथे जुळतात त्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यात किती फट राहते ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचं. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर हात लावू नये. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, कमी असेल तर उलट. मग वाद्य ट्यून करून काही तास तसंच ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. एका दमात पूर्ण फेरा देणाऱ्यांच्या रॉडचे आटे जातात. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर मोजतो : सर्वात जाड ई तार २.४ आणि सर्वात बारीक जी तार २ मिलिमीटर. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला यापेक्षा खाली चालेल, पण स्टेजवर जोरात वाजवलं जातं आणि तार फ्रेटवर आपटते. ती खडखड स्पीकरमधून फाटल्यासारखी ऐकू येते आणि मग साऊंडवाला ट्रेबल कापतो. बास तिथेच बुजतो.

शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला हवा. दाबलेला सूर चढा निघाला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला तर पुढे. नवीन तारा कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी लावतो, म्हणजे त्या ताणून बसतात. माझा गेज, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजारांशात, ४५-६५-८५-१०५.

अ‍ॅक्टिव्ह बास (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला; ते नसतं तो पॅसिव्ह) असेल तर ९ व्होल्टच्या बॅटरीचं एक तंत्र लक्षात ठेवावं. या वाद्यांत स्टीरिओ सॉकेट असतो आणि लीड खोचली की तोच स्विचचं काम करतो. म्हणजे लीड लावलेली राहिली तर कुणी वाजवत नसतानाही बॅटरी उतरत राहते. बॅटरी संपत आली की आवाज आधी जोराच्या सुरांवर फाटतो, मग बारीक होतो. लोक त्या वेळी अँप बदलायला धावतात. मध्यंतरात वाद्य स्टँडवर ठेवताना लीड काढावी आणि काढण्याआधी अँप म्यूट करावा.

आता लीड. दुकानात मिळणाऱ्या तयार लीडपेक्षा मी वायर आणि पी-३८ (पाव इंची) जॅक सुटे आणून स्वतः सोल्डर करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही मिळतं. गिटारच्या चांगल्या वायरीत मधल्या तारेवरच्या इन्सुलेशनभोवती, जाळीच्या आत, एक पातळ काळा थर असतो. तो रबरासारखा दिसतो पण त्यातून वीज वाहते. वायर हलल्यावर होणारी खुडबुड तो थर शोषून घेतो. सोल्डर करताना तो चार-पाच मिलिमीटर मागे सोलून काढावाच लागतो. राहिला आणि जॅकच्या टिपला (टोकाला; बाकीचा दांडा म्हणजे स्लीव्ह) टेकला, तर सिग्नल थोडा थोडा जाळीत गळतो : आवाज येतो, पण दबलेला आणि मातकट. मल्टिमीटरच्या बझरवर अशी लीड पासही होते, कारण पूर्ण शॉर्ट नसतो. म्हणून जोडून झाल्यावर टिप आणि स्लीव्ह यांच्यातला रेझिस्टन्स मेगोहमच्या रेंजवर बघतो, तो अनंत दाखवायला हवा. जॅकचं टोपण सोल्डरच्या आधी वायरीत ओवून घ्यायचं, जाळी पिळून स्लीव्हला जोडायची आणि क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर दाबायचा, सोल्डरवर ताण येता कामा नये. सहा मीटर लांबी स्टेजला पुरते. पॅसिव्ह बासला लीड जितकी लांब, तितकी वायरीची कपॅसिटन्स वाढते आणि वरचा खणखणीतपणा जातो.

वायरलेसचं विचाराल, तर २.४ गिगाहर्ट्झचे छोटे सेट हॉलमधल्या तालमीला ठीक आहेत. मैदानात माणसं जमली की त्यांचे फोन आणि वायफाय याच पट्ट्यात असतात. मी वायरच वापरतो.

मंडपात पोचल्यावर वाद्य पेटीतून काढण्याआधी मल्टिमीटर काढतो. स्टेजवरच्या बोर्डात तीन मोजणी असतात. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला आकडा कमी आला किंवा हलत राहिला, तर बोर्डाला अर्थिंगच नाही. मंडपात हे फार वेळा सापडतं, कारण मंडपवाला दोनच वायरी ओढतो आणि तिसरं भोक शोभेला राहतं. अशा बोर्डावर अँप लावला, की आतल्या सप्लायच्या फिल्टरमधून थोडी वीज चासिसवर (अँपच्या धातूच्या सांगाड्यावर) येते. चासिसची वीज लीडच्या जाळीतून ब्रिजवर आणि तारांवर येते. हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की झटका बसतो, कारण माइक मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. म्हणून कोरस गाणाऱ्या बासवाल्याने बासच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यातलं एसी व्होल्टेज आधी मोजावं. शंभरीच्या आसपास आकडा दिसला तर अर्थिंग तुटलं आहे असं धरून चाला आणि ते जोडल्याशिवाय वाजवू नका. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापणं, हा उपाय कुणी कितीही अनुभवाने सांगितला तरी ऐकू नये. त्यात जीव जातो.

जनरेटर असेल तर आणखी एक धोका. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज ३०० च्याही वर चढतं आणि दुसरीकडे तेवढंच पडतं. अँप, कीबोर्डचे अ‍ॅडॉप्टर, मिक्सर एका क्षणात जळतात. हा दोष रिकाम्या बोर्डावर दिसत नाही, लोड आल्यावर दिसतो. त्यामुळे सगळे लाइट चालू करायला सांगून मग पुन्हा मोजतो. जनरेटरवाल्याला, ‘दादा, न्यूट्रलचा नट जरा माझ्यासमोर आवळता का’ असं सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. लाइट आणि साऊंड वेगवेगळ्या फेजवर मागावेत. लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरची चर्रचर्र सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचा कंप उचलणाऱ्या एका वेटोळ्याच्या भागात) थेट शिरते. दोन सिंगल कॉइल पिकअपच्या जॅझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन पिकअप एकमेकांची गुणगुण बरीच खाऊन टाकतात. एक थोडा जरी कमी केला तरी ती परत येते.

मग डीआय बॉक्स. बासमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो, तो वीस-तीस मीटर दूरच्या मिक्सरपर्यंत तसाच नेला तर वाटेत गुणगुण गोळा करतो. डीआय त्याला बॅलन्स्ड करून, म्हणजे सरळ आणि उलटा असा दोन तारांवर घेऊन, कॅनन (तीन पिनांच्या एक्सएलआर) केबलवर चढवतो. पॅसिव्ह बासला अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्यावा, त्याचा इनपुट एक मेगोहमच्या आसपास असतो आणि पिकअपवर भार येत नाही. अ‍ॅक्टिव्ह बासला ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआयही उत्तम चालतो. अ‍ॅक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. छोट्या मिक्सरवर ती नसली तर अडतं, म्हणून बॅटरीवरही चालणारा मी निवडला. साऊंडवाल्याकडे डीआय नसला की तो पी-३८ ते कॅनन अशी वायर लावून बास थेट मिक्सरमध्ये घेतो. आवाज येतो, पण दबलेला आणि गुणगुण भरपूर.

ग्राउंड लिफ्टच्या बटणाबद्दल बराच गोंधळ असतो. अँप स्टेजच्या बोर्डावर आणि मिक्सर मैदानातल्या दुसऱ्या बोर्डावर असला, की दोघांची अर्थिंग कॅननच्या एक नंबर पिनमधून जोडली जाऊन वेटोळं तयार होतं. ५० हर्ट्झची गुणगुण तिथून येते. लिफ्ट दाबलं की ती पिन सुटते आणि गुणगुण थांबते. स्टेजवर अँपच नसेल, बास फक्त डीआयमध्ये असेल, तर मात्र लिफ्ट दाबू नये. त्या वेळी बासला अर्थिंगचा तेवढा एकच रस्ता असतो. तो तोडला की गुणगुण वाढते. अँप नसताना ‘लिफ्ट दाबून बघ’ असा सल्ला मिळतो तो याच कारणाने फसतो. जोराच्या अ‍ॅक्टिव्ह बासला सिग्नल कमी करणारं वीस डेसिबलचं पॅड लावायचं, एवढं एक बटण आणखी.

अँप मिळाला तर तो फळ्यांच्या पोकळ स्टेजवर थेट ठेवत नाही. फळ्या १०० हर्ट्झच्या आसपास घुमतात, तोच आवाज गायकांच्या माइकमध्ये शिरतो आणि सगळं मिश्रण गढूळ होतं. खाली जाड फोम किंवा निदान फ्लाइट केस घालावी. दोन ८ ओहमचे कॅबिनेट जोडले तर भार ४ ओहम होतो, हे अँपला झेपतं का ते मागच्या पाटीवर वाचावं. कॅबिनेटला गिटारची लीड लावू नये, तिची तार बारीक असते आणि तापते.

साऊंड चेकला बासवाल्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. सलग चारही तारा, मोकळ्या आणि बाराव्या फ्रेटवर, एकाच जोराने वाजवतो. साऊंडवाल्याकडे एवढंच मागतो : ४० हर्ट्झच्या खाली कट, आणि ढोलकी किंवा ऑक्टापॅडच्या किकशी भांडण होत असेल तर दोघांपैकी एकाला ८० च्या आसपास जागा द्या. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो, तो सबवूफरशिवाय ऐकू येतच नाही. सब नसेल तर ८० ते १०० थोडं वाढवून, ७००-८०० हर्ट्झला उचल द्यावी, म्हणजे निदान कुठला सूर वाजतो आहे ते कळतं. अशा ठिकाणी मी मूळ सूर वरच्या सप्तकात घेतो. कीबोर्डवाल्याशी बोलणंही याच वेळी होतं. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत डाव्या हाताने बास वाजवायची त्यांना सवय असते, आणि दोन बास एकत्र आले की दोघांचाही कळत नाही. ‘भाऊ, डावा हात आज मला सोडा’ हे तालमीतच ठरलेलं बरं.

गायक पट्टी हार्मोनियमच्या काळी-पांढरीत सांगतो आणि ती स्टेजवर ऐनवेळी बदलते. काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट, काळी तीन ई तारेचा दुसरा, काळी चार ई तारेचा चौथा. अडचण काळी दोनची. तिचा सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर मिळतो, पण चार तारांच्या बासवर त्याच्या खालचा सा नाही. पाच तारांचा बास असेल तर बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर तो आहे. तो ३९ हर्ट्झचा सूर मंडपातल्या बहुतेक सबमधून धड निघत नाही, त्यामुळे फक्त काळी दोनसाठी पाच तारांचा बास घेण्याची गरज मला वाटत नाही.

वेळेचं भान हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की मधली गाणी गळतात आणि शेवटची मेडली पुढे येते. ड्रॉप डी ट्यूनिंगची (ई तार डीपर्यंत उतरवून वाजवायची) गाणी विखुरलेली असतील तर ती आधीच सलग लावून घ्यावीत, नाहीतर ट्यूनिंग बदलायला वेळ उरत नाही.

आवरताना आधी मिक्सर आणि अँप म्यूट, मग लीड, मग अँप बंद. केबल एक वेटोळं सरळ, एक उलट अशी गुंडाळतो म्हणजे पीळ पडत नाही. तारा कोरड्या फडक्याने पुसतो, खालच्या बाजूनेही, कारण किनारपट्टीवर गंज तिथून धरतो. ज्या लीडने त्या रात्री जराही खरखर केली तिला लाल टेप लावून वेगळी ठेवतो, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पेटीत परत जात नाही.