तिरंग्याचे रंग, बाटिकचं कापड आणि आमच्या वाकळी

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, एकटीनं पण शिवता येते, आमच्या आईनं आयुष्यभर तशीच शिवली. पण पाच-सहा जणी चारी बाजूंनी बसून एकच वाकळ शिवतात ना, त्याची मजा मला आत्ता कुठं कळायला लागलीय आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितेय.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या, नंदगडच्या बाजूच्या बायका. आमच्याकडं गल्लीत कोण ना कोण मिलिटरीत असतंच. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं आम्ही लहानपणापासून बघतोय. तर माझ्या जावेच्या मुलीनं फोनवर दाखवलं की अमेरिकेत बायका सैनिकांसाठी गोधड्या शिवतात, क्विल्ट्स ऑफ व्हॅलर म्हणून, २००३ मध्ये एका आईनं ते सुरू केलं, तिचा मुलगा तेव्हा इराकमध्ये ड्युटीवर होता. व्हिडिओ संपायच्या आधीच वैनी म्हणाल्या, "मग आपण का नको? आपल्याला वाकळ येतीयच की." झालं, ठरलं.

डिझाइन काय करायचं यावर मात्र बरंच बोलणं झालं. सगळ्यांच्या डोक्यात तीन पट्टे आणि मध्ये चक्र. शेजारचे रिटायर्ड सुभेदारकाका हे ऐकत होते, ते म्हणाले, "ताई, झेंडा पांघरायचा नसतो. वाकळ पायाखाली येणार, धुणार, फाटणार." मुलीनं लगेच शोधलं तर खरंच, २००२ च्या ध्वज संहितेत उशी, रुमाल, नॅपकिन असल्या कशावर झेंडा छापायचा नाही की भरायचा नाही असं स्पष्ट आहे, आणि अपमान झाला तर १९७१ चा कायदा आहे. मला ते फार पटलं. मग आम्ही झेंडा घेतलाच नाही, फक्त रंग घेतले. केशरी, पांढरा, हिरवा अशी ठिगळं सगळीकडं विखुरलेली, कुठंही पट्ट्यांच्या क्रमानं नाहीत, आणि अधूनमधून निळ्याचा एखादा तुकडा, चक्र नाही. खरं सांगू, त्यामुळंच वाकळ इतकी देखणी झाली, कारण आता प्रत्येक तुकडा कुठं बसवायचा ते बघायला लागत होतं. पांढरा आला धोतराचा, हिरवा एका जुन्या इरकली साडीचा, आणि केशरीसाठी वडगावातल्या एका मागवाल्यांकडून सुती कापडाचे तुकडे आणले.

मग बाटिक, म्हणजे कापडावर मेणानं नक्षी काढून मग ते रंगवायचं, मेणाखाली रंग चढत नाही. हे वैनींच्या डोक्यातून निघालं. नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना इथंच फाशी दिली, समाधीजवळ वड आहे. आमच्या वाकळीत वडाचं पान पाहिजेच असं त्यांचं म्हणणं, आणि ते पान भरून काढण्यापेक्षा बाटिकचं करूया म्हणाल्या. दुसरी आकृती चरख्याची ठरली कारण १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष, आणि ते अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. आपल्याच मातीतल्या गोष्टी, मग बाहेरचं नक्षीकाम कशाला.

बाटिकचं थोडं नीट सांगते कारण हे आमच्यात कोणालाच आधी येत नव्हतं, एकीच्या सुनेनं शिकवलं. कापड सुती पाहिजे, आणि आधी धुवून त्याची खळ काढायची. मेण म्हणजे पॅराफिन आणि मधमाशीचं मेण मिसळून. नुसतं पॅराफिन घेतलं तर फार तडकतं, मधमाशीचं मेण चिवट असतं, दोन्ही असली की भेगा पाहिजे तेवढ्याच पडतात. मेणाचं पातेलं थेट गॅसवर कधी ठेवायचं नाही, पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून वितळवायचं, आणि चुकून पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, वर झाकण टाकायचं. ब्रशनं पानाच्या शिरा मेणानं काढल्या, मेण कापडाच्या पाठीमागं उतरलंय का ते उलटून बघितलं, नाही उतरलं तर तिथं रंग शिरतो. मग गार पाण्यातला रंग, कारण गरम पाण्यात मेणच वितळेल. आधी फिकट हिरवा, वाळल्यावर परत मेण, मग गडद. शेवटी कापड चुरगाळून रंगात बुडवलं की मेण तडकतं आणि त्या भेगांतून केसासारख्या बारीक रेषा उमटतात, कुठं उमटतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून दोन पानं कधी सारखी होत नाहीत. मेण काढायला कापड उकळत्या पाण्यात टाकायचं, मेण वर तरंगतं आणि गार झालं की दुधावरच्या सायीसारखं उचलून घ्यायचं, ते परत वापरता येतं. पहिलं पान पाण्यातून वर आलं तेव्हा सगळ्या जणी एकदम ओरडल्या, अंगणात पोरं पळत आली काय झालं म्हणून.

आणि बाटिकचं कापड वाकळीत घालायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं, रंग लागला तर परत परत धुवायचं. धोतराचा पांढरा शेजारी असताना तर हे करायलाच पाहिजे.

शिवायची पद्धत आम्ही हळियाळच्या अक्कांची घेतली. त्यांचं माहेर कारवार बाजूच्या हळियाळकडं, तिथल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायका कवंद, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात ते बघत त्या वाढल्या. खाली जुनी साडी पसरायची आणि कडेपासून सुरुवात करायची, ठिगळं लावत लावत धावदोऱ्यानं फेऱ्या घालत मध्याकडं यायचं, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेली त्रिकोणी फुलं लावायची, फुलांशिवाय कवंद पूर्ण होत नाही म्हणतात. आमच्याकडं आधी सगळे थर अंथरून मग टाके घालायची सवय. पण कडेकडून आत यायच्या पद्धतीत प्रत्येक बाजूला बसायला जागा मिळते, म्हणून एकत्र शिवायला हीच बरी. टाक्याची लांबी मात्र प्रत्येकीची वेगळी. माझे टाके बारीक, वैनींचे लांब, अक्कांचे थोडे तिरके पण एका ओळीत. एकीनं विचारलं, सारखे करूया का, तर अक्का म्हणाल्या, "नको गं, कोण कुठं बसली होती ते कळू दे की." आता वाकळ बघितली की मी बोट ठेवून सांगू शकते.

बसायचो देवळाच्या सोप्यात, दुपारी. चिरमुरे-फुटाणे मध्ये ठेवलेले, कन्नड आणि मराठी दोन्ही चालू, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा ऊस कारखान्याला गेला, कुणाच्या मुलाची बदली लडाखला झाली. ज्या बाईचा मुलगा लडाखला आहे ना, ती पहिल्यांदा नुसती बघायला आली होती. मग एका दुपारी न बोलता सुई घेतली आणि पांढऱ्या तुकड्यांची एक पूर्ण बाजू तिनं एकटीनं शिवली. पहिली तिरंगी वाकळ तिच्याच घरी जायची असं मग आपोआपच ठरलं. दुसरी सुभेदारकाकांना दिली. त्यांनी उलटीसुलटी करून सगळे कोपरे तपासले, कुठं चक्र आहे का ते बघितलं, आणि मगच घेतली.

आता निळ्या बाटिकची घ्यायचीय, सगळी वडाच्या पानांची. कोणाकडं जुनी सुती साडी, धोतर, पंचा असेल तर धुवून द्या, पॉलिस्टर नको कारण मिश्र कापडावर हा रंग नीट चढत नाही आणि सुई पण अडते. काठ काढू नका, काठ आम्हाला मगजीला, म्हणजे वाकळीच्या कडेच्या पट्टीला, लागतात.