इंडियाना जिंकली म्हणून रँकिंग खोटं ठरत नाही

१९ जानेवारी २०२६ च्या रात्री इंडियाना युनिव्हर्सिटीने मायामीला २७-२१ असं हरवलं आणि कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदाच पटकावलं. सोळापैकी सोळा सामने जिंकून! आम्ही इंडियानापोलिसजवळ राहतो. या राज्याचा जीव बास्केटबॉलमध्ये. इंडियानाची फुटबॉल टीम तर अगदी अलीकडेपर्यंत मोठ्या संघांमध्ये सर्वांत जास्त सामने हरलेली म्हणून ओळखली जायची. त्यामुळे आनंद झाला, खूप झाला, इतक्या वर्षांत कधी न बोललेले शेजारीसुद्धा अंगणात येऊन बोलून गेले.

पण तेव्हापासून एक वाक्य ऑफिसात, किराणा दुकानात आणि मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातसुद्धा कानावर येतंय: “बघा, ते रिक्रूटिंग रँकिंग म्हणजे सगळं थोतांड.” म्हणजे शाळेतल्या खेळाडूंची आणि त्यांना भरती करणाऱ्या कॉलेजांची क्रमवारी; तिच्यात इंडियाना वरच्या संघांमध्ये नव्हती. हे ऐकलं की मला राहवत नाही. म्हणून हे लिहितेय.

इथे शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांहून जास्त. त्यांतली निवडक मुलं जवळून पाहून, त्यांचे व्हिडिओ तपासून काही कंपन्या त्यांना स्टार देतात. २४७स्पोर्ट्स ही त्यांतली एक. तिच्याकडे दर वर्षी पाच स्टार साधारण बत्तीस मुलांना मिळतात, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत बत्तीस निवडी असतात. चार स्टारवाली काहीशे, तीन स्टारवाली त्याहून कितीतरी जास्त. कुठल्या कॉलेजने किती स्टारची मुलं घेतली, यावरून कॉलेजांचीही क्रमवारी लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे असा शिक्का मारून तो जगजाहीर करायचा, हे मला आजही खटकतं. पण खटकणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं.

बड एलियट नावाच्या क्रीडा पत्रकाराने एक सोपा हिशेब मांडला. गेल्या चार वर्षांत कॉलेजने शाळांमधून घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं चार किंवा पाच स्टारची आहेत का? सव्वाशेहून अधिक संघांत दर वर्षी जेमतेम पंधरा-अठरा संघ या कसोटीला उतरतात, आणि वर्षानुवर्षं विजेता त्यांच्यातूनच निघत आला. २०१६ ची क्लेमसन, २०२३ ची मिशिगन या टीम्स निम्म्याच्या थोड्याच वर होत्या, पण वर होत्या. २०२२ च्या मोसमात टीसीयू ही कसोटीत न बसणारी टीम अंतिम सामन्यापर्यंत पोचली. साऱ्या देशाने तिला उचलून धरलं. जॉर्जियाने तिला ६५-७ हरवलं. प्रशिक्षक निक सेबनची अलाबामा वर्षानुवर्षं भरतीच्या क्रमवारीत पहिली यायची. तिथे त्याने सहा विजेतेपदं मिळवली. हा योगायोग नाही. एका मुलाबद्दलचा अंदाज चुकतो, पण अख्ख्या ताफ्यात चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. “अमक्याला तर शाळेत कोणी विचारतही नव्हतं!” असं म्हणून ते जोश ॲलनचं नाव घेतात. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नव्हती, एका ज्युनियर कॉलेजात वर्ष काढून त्याने स्वतः शेकडो प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, अखेर वायोमिंगने घेतलं आणि २०१८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. ही गोष्ट मलाही फार आवडते. पण पाच स्टारवाल्यांपैकी साधारण निम्मे ड्राफ्टमध्ये निवडले जातात, तीन स्टारवाल्यांत हे प्रमाण दहात एक इतकंही नाही. तीन स्टारची मुलं मुळात इतकी आहेत की ड्राफ्टच्या यादीत ती ढिगाने दिसतात. ती दिसतात, मागे राहिलेली दिसत नाहीत.

उलट बाजूचं उदाहरण टेक्सास ए अँड एम. २०२२ ची त्यांची भरती त्या वेळेपर्यंतची सर्वांत उंच रेटिंगची मानली गेली. त्याच वर्षी ॲपलॅचियन स्टेटसारख्या छोट्या कॉलेजकडून ते घरच्या मैदानावर १७-१४ हरले, मोसम संपला पाच विजय आणि सात पराभवांवर, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिम्बो फिशरला साडेसात कोटी डॉलरच्या आसपास देऊन घरी पाठवावं लागलं. त्या भरतीतली बरीच मुलं दुसरीकडे निघून गेली. स्टार मुलं आणून देतात. त्यांच्यातून टीम उभी करायचं काम प्रशिक्षकालाच करावं लागतं.

मग एलियटच्या कसोटीत न बसणाऱ्या इंडियानाने काय केलं? प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२३ च्या अखेरीस जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून आला आणि आपल्या डझनभर खेळाडूंना सोबत घेऊन आला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून खेळ चालवणारा, फर्नांडो मेंडोझा याला शाळेतून निघताना फारसं कोणी विचारत नव्हतं. तो येलला जायचं ठरवून बसला होता, शेवटी कॅलची, म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची, ऑफर आली, तिथून ट्रान्स्फर घेऊन तो इंडियानात आला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०२५ मध्ये घेऊन गेला. उपांत्य सामन्यात ओरेगनच्या पहिल्याच खेळीत डॅन्टे मूरचा पास डिॲन्जेलो पाँड्सने हवेतच पकडला आणि थेट टचडाउन केला. मूर शाळेत पाच स्टारचा. पाँड्स पाच फूट नऊ इंच, जेम्स मॅडिसनमधून आलेला. ती खेळी मी परत परत पाहिली.

पण ही मुलं इथे आली तेव्हा त्यांचा अंदाज बांधायची गरज उरली नव्हती. ती वीस-बावीस वर्षांची होती, कॉलेजच्या मैदानावर खरा खेळ खेळून दाखवलेली. सतराव्या वर्षीचे स्टार हे जे अजून घडलेलं नाही त्याबद्दल असतात. सिग्नेटीने घडलेलं पाहून माणसं घेतली. २०२१ पासून ट्रान्स्फर सोपी झाली नसती, तर हे इतक्या झटपट जमलं नसतं.

इथल्या लोकांचं एक मात्र मी मनापासून मानते. आपल्याकडे बोर्डाची मेरिट लिस्ट लागायची, पहिल्या आलेल्या मुलीला पेढा भरवतानाचा फोटो पेपरात यायचा, आणि पंधरा वर्षांनी त्या यादीतलं कोण कुठे पोचलं हे बोर्डाने कधी तपासल्याचं मला आठवत नाही. इथे ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येक नावापुढे शाळेतले स्टार लिहून हिशेब मांडतात. कोणाला डोक्यावर घेतलं, कोण नजरेतून सुटला, सगळं उघड. स्वतःचा अंदाज असा चारचौघांत तपासायला धैर्य लागतं. तरीही आपल्या बोर्डाच्या बाजूने एक बोलतेच: पेपर तपासणाऱ्याला मुलाचं नाव माहीत नसायचं. इथे अलाबामाने एखाद्या मुलाला ऑफर दिली की त्याचे स्टार वाढण्याची शक्यताही वाढते, आणि मग त्याच स्टारवरून अलाबामाची भरती उत्तम ठरते. शंभर मार्कांच्या पेपरात हे चालत नाही.

आमच्या लेकीने राज्यातच, इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकायचं ठरवलं तेव्हा पुण्याहून पहिला फोन आला तो “रँकिंग कितवं?” असा. तिच्या विषयाचा विभाग चांगला आहे, राज्यातल्या मुलांना फी कमी आहे, ती खूश आहे. पुन्हा ठरवायचं झालं तरी आम्ही हेच ठरवू.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सिग्नेटीचं यश पाहून आता प्रत्येक प्रशिक्षकाला बावीस वर्षांचा, पारखून घेतलेला खेळाडू हवाय. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागलीत आणि टीममध्ये जागा जेमतेम १०५. पाच स्टारच्या मुलाला जागा मिळेलच. दोन-तीन स्टारचा, अजून अंगाने भरायचा असलेला सतरा वर्षांचा मुलगा कोण घेणार? मेंडोझाला कॅलने अगदी शेवटी एक जागा दिली होती. आज तीच जागा बहुधा ट्रान्स्फर घेऊन आलेल्या एखाद्या क्वार्टरबॅकला मिळाली असती.