चाफ्याला कळी आली!

आज सकाळी कुंडीतल्या चाफ्याच्या शेंड्यावर बोट ठेवलं आणि थबकलेच. कोवळ्या पानांच्या मधोमध एक बारीक लालसर झुपका. नवीन पान नाही, कळ्याच आहेत! तीन वर्षं वाट पाहिली होती मी याची.

इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि हे झाड मूळचं मेक्सिको, कॅरिबियनकडचं. थंडी पडली की पानं पिवळी होऊन गळतात, उरतात नुसती बोटांसारखी जाड खोडं. पहिल्या वर्षी जीव राहवेना म्हणून पाणी घालत राहिले, तर बुंधा मऊ पडला, मुळं कुजली. वरची चांगली फांदी कापून, चीक सुकून कापलेली जागा कोरडी होईपर्यंत आठवडाभर तशीच ठेवली आणि मग पुन्हा लावली. तेच हे झाड.

आता रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास आलं की कुंडी घरात येते आणि पाणी जवळपास बंद. झोपलेल्या झाडाला झोपूच द्यावं. वसंतात नवी पालवी दिसली की हळूहळू पाणी, आणि मग दिवसाला निदान सहा तास कडक ऊन. माझ्या मते खतापेक्षा उन्हानंच काम केलं. नायट्रोजन जास्त झालं की नुसती पानंच माजतात.

फुलायला अजून काही आठवडे लागतील. चाफ्याचा वास रात्री जास्त दरवळतो, म्हणून कुंडी आजच खिडकीजवळ सरकवली आहे.