बॉल समोर होता, मग शिट्टी का नाही?

मी बास्केटबॉलचा पंच, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगाव असो, भुसावळ असो, मॅच संपली की कुणीतरी गाठतंच: "सर, फाऊल तुमच्या पुढ्यात झाला, शिट्टी मात्र पलीकडच्या पंचांनी वाजवली. तुम्ही बघत काय होतात?" धुळ्याकडे हाच प्रश्न चढ्या आवाजात येतो, "तुले दिखनं नही का?"

नव्हतं दिसलं, कारण माझी नजर तिकडे नव्हती, आणि तिथे ती नसणंच बरोबर होतं.

आपल्याकडच्या बहुतेक मॅचेस दोन पंचांवर चालतात. कोर्ट २८ बाय १५ मीटर, खेळाडू दहा. दोघंही बॉलमागे लागलो तर बाकीच्यांना कोण बघणार? म्हणून एक जण पुढे धावत जाऊन बेसलाईनवर थांबतो, तो लीड. दुसरा बॉलच्या मागे, जरा डावीकडे, तो ट्रेल. बॉल हिसकावला गेला की धावायची दिशा फिरते आणि भूमिकाही. बास्केटखालची रेटारेटी लीडची. बॉल हवेत असताना तो कुठे जातोय, खाली येताना कुणी अडवला का, बझरच्या आत सुटला का, हे ट्रेलचं. बॉल सहकाऱ्याच्या भागात असेल तर मी जर्सी ओढणारा हात, रिबाऊंडला, म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकडताना, घुसलेलं कोपर शोधत असतो. खेळ आडदांड होतो तो इथूनच, आणि प्रेक्षकांना यातलं काही दिसत नाही.

अवघड असते ती दोघांच्या मधली जागा. दोन शिट्ट्या एकदम वाजतात. तेव्हा मूठ वर ठेवायची, एकमेकांकडे बघायचं, ब्लॉक (चूक बचाव करणाऱ्याची) की चार्ज (चूक बॉल घेऊन येणाऱ्याची) याची खूण घाईने करायची नाही. ज्याच्या दिशेने खेळ येत होता, तो निर्णय देतो. हे मॅचआधीच बोलून ठेवतो. तीन गुणांची रेघ २०१० साली ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. काही जुन्या सिमेंट कोर्टांवर दोन्ही रेघा आहेत, त्यातली कुठली धरायची तेही तेव्हाच ठरतं.

कोच मला म्हणतात, "तुम्ही तरी सांगा त्यांना." नाही सांगता येत. एका पंचाचा निर्णय दुसऱ्याने फिरवायचा नाही, असा नियमच आहे. बॉल शेवटी कुणाच्या बोटाला लागून बाहेर गेला हे मी पाहिलं असेल, तर जवळ जाऊन तेवढं सांगतो. बदलायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.