आमटीचा पत्ता

माणूस काय खातो त्यावरून तो कळतो म्हणतात. कितपत कळतो कोण जाणे. पण त्याच्या घरची आमटी कशाने आंबट झालीय त्यावरून त्याचं गाव बऱ्याचदा सापडतं. दुपारी चार डबे एका टेबलावर उघडले की बघा. एका आमटीत काळपट जांभळी साल तरंगत असते, दुसरी तपकिरी, दाटसर, मागाहून गोड लागणारी. आमसूलवाला कोकणातला, चिंचवाला घाटावरचा. मसाल्यात फसायला होतं, गोडा मसाला हल्ली दुकानातून सगळीकडे जातो. आंबट मात्र आजीच्या हातचं असतं.

दोन्ही आंबटांचे स्वभाव वेगळे. चिंचेला उकळावं लागतं. अर्ध्या वाटी तूरडाळीला सुपारीएवढी चिंच पुरते. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोळ काढायचा, जवळजवळ तेवढाच गूळ घालायचा आणि कच्चट वास जाईपर्यंत उकळायचं. नवी चिंच उजळ आणि फिकी, जुनी काळी आणि करकरीत आंबट, म्हणून चिंच बदलली की मापही बदलतं. आमसुलाचं उलटं. चार पुरतात, तीही शेवटी, तीन-चार उकळ्यांपुरती. जास्त उकळली तर आमटी तुरट होते. आमसुलं काढून न ठेवल्यास सकाळची आमटी संध्याकाळी दातच आंबवते. ताटाच्या कडेला आमसूल सरकवून ठेवणारे आणि शेवटी ते चोखणारे, अशा माणसांच्या आणखी दोन जाती आहेतच.

दोघांचा एक नियम सारखाच: डाळ पूर्ण शिजल्याशिवाय आंबट घालायचं नाही. घातलंत तर डाळ टणकच राहते, मग कितीही शिट्ट्या करा. आणि पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असेल तर आंबट त्यात ठेवूच नये, कळकतं.

आमसूल करणं हे चिकाटीचं काम. रातांबे, म्हणजे कोकमाची पिकली फळं, फोडून बिया काढायच्या, साली वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, अशी पुटावर पुटं. मध्येच वळीव आला की बुरशी ठरलेली. एवढं केल्यावर कोकणी माणूस चिंचेला नाक मुरडतो, यात नवल नाही.

विदर्भ-मराठवाड्यात तर आंबट पालेभाजीच्या पानातच असतं. आंबाडी उकडून तिचं पाणी ओतून टाकायचं, मग तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून वरून लसणाची फोडणी, तीही सढळ तेलाची. पाणी ओतायचं विसरलं की जीभ आखडते. गोव्यात बांगड्याबरोबर सोलं, म्हणजे आमसुलंच, आणि तिरफळं. ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेचा व्हिनेगर. त्यांच्या विंदालू या मांसाच्या रश्श्याच्या नावातच पोर्तुगीज भाषेतले वाइन आणि लसूण बसलेत.

या सगळ्यांत टोमॅटो घुसला आणि पत्ता पुसला गेला. टोमॅटोची आमटी कुणाचीच नसते. दोन मिनिटांत होते, बिघडत नाही, कुणाच्या आठवणीतही राहत नाही. लिंबू निदान आचेवरून उतरल्यावर पिळायची शिस्त मागतं, नाहीतर कडवट होतं. टोमॅटो काहीच मागत नाही. ज्या घरात मालवणची सून आणि साताऱ्याचा नवरा आहे तिथे मात्र दोन बरण्या शेजारी शेजारी दिसतात, आणि आज कुठली उघडली यावरून घरातली हवा ओळखता येते.

हा खेळ डब्यापाशी मजेचा आहे. भाड्याचं घर बघायला गेलं की दारातच प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे खाण्यात काय काय चालतं?’ विचारणाऱ्याला आमटीच्या चवीशी काही देणंघेणं नसतं. आडनावातून जे नीट कळलं नाही, ते त्याला ताटातून काढून घ्यायचं असतं. अशा घरात शिरायचंच असेल, तर आमटीत टोमॅटो घालावा.